शेपूट नसलेलं नाव

आमच्या गावातली पोरं दिवसभर प्रेम लिहितात आणि त्यातल्या एकालाही ते बोलता येत नाही. हे मी कुणाच्या पाठीमागे म्हणत नाही. माझ्या टपरीवर चहा ढोसायला बसलेल्या सगळ्यांच्या तोंडावर म्हणते. ते हसतात, मान लववतात, ‘इंग्गिह, ताई’ म्हणतात आणि आणखी एक टेम्पेचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचं, भजं उचलतात. इंग्गिह म्हणजे हो. पण आमच्या जावा बेटावर कुणी इंग्गिह म्हणालं तर ते हो असेल, नाही असेल, बघू असेल, किंवा तू मर, मला काय त्याचं, असंही असेल. मी या शब्दावर जन्मभर रागावलेली बाई आहे.

सुंबिंग डोंगराच्या आमच्या उतारावर पूर्वी तंबाखू पिकायची. आता फॉन्ट पिकतात. कुणीतरी एक पोरगा शिकून आला, त्याचं बघून दुसरा शिकला, आणि आता ज्या घरात खताची पोती असायची तिथे कॉम्प्युटर आहे. फॉन्ट तरी कसले, तर हाताने लिहिल्यासारखे. नाजूक, लफ्फेदार, एकमेकींचा हात धरून चालणारी अक्षरं. ती जगभर जातात. अमेरिकेतल्या लग्नपत्रिकांवर, अत्तराच्या बाटल्यांवर, केकच्या दुकानांच्या पाट्यांवर, श्रीमंत बायांच्या साबणांवर. माझ्या धाकट्या भावाचा, वार्तोचा, एक फार हळवा फॉन्ट कुठल्या तरी देशात कुत्र्यांच्या बिस्किटांच्या डब्यावर सापडला. त्या दिवशी तो जेवला नाही. मी म्हटलं, कुत्र्यांना तरी वाचता येतो का विचार, माणसांना तर येत नाही.

कारण ही अक्षरं वाचता येत नाहीत. जितकं महाग तितकं अगम्य. वार्तो त्याला ‘डौल’ म्हणतो.

या फॉन्टांना नावं द्यायची ती गोऱ्या बायांची. अमांदिता, फ्लोरेंझा, बेलारोसा. नावं देणारे कोण? लुंगी गुंडाळून, लवंगेची सिगारेट ओढत, मागेलांगच्या बाजाराच्या पलीकडे कधी न गेलेले आमचे हे वीर. ‘पॅरिसमध्ये कायम तुझीच’ असं शंभर वेळा लिहून बघतात, कारण त्यात वळणं चांगली येतात. विकणारी कंपनी निम्म्याहून जास्त खाते. तिलाही हे इंग्गिहच म्हणतात.

तर वार्तोचं यायुकवर प्रेम होतं. यायुक म्हणजे टोफूचा कारखाना असलेल्या दार्मोनोकाकांची मुलगी. बापाचा टोफू पिकअपमध्ये घालून ती गावोगाव पोचवते. गाडी अशी चालवते की कोंबड्या तिच्या हॉर्नला नावानिशी ओळखतात. ती रोज माझ्या टपरीवर टोफूचा डबा उतरवायला यायची आणि वार्तो रोज त्या वेळी बाकावर बसलेला असायचा. ती यायची. तो म्हणायचा, “टोफू आला.” ती म्हणायची, “दिसतंय.” गाडी निघून जायची. एवढं बोलणं झालं की माझा भाऊ दिवसभर सुखात.

बेलारोसा हा त्याचा सगळ्यात लाडका फॉन्ट. तो विकायला ठेवायचा तर नुसती अक्षरं दाखवून चालत नाही. ती वापरात कशी दिसतात त्याचे फोटो लागतात. बाटलीवर, पिशवीवर, आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिकेवर. बाकीची पोरं कॉम्प्युटरवरच तयार चित्रात नाव चिकटवतात. वार्तो म्हणाला, खोटी सावली कळते. त्याने मागेलांगला जाऊन खऱ्या पत्रिका छापून आणल्या. जाड, मलईच्या रंगाचा कागद, सोनेरी शाई. छापखानेवाला एका गठ्ठ्याहून कमी छापायला तयार नव्हता, म्हणून गठ्ठाच आणला. एक पत्रिका माझ्या बाकावर ठेवली, शेजारी मोगऱ्याच्या कळ्या टाकल्या आणि तासभर उकिडवा बसून फोटो काढले. गिऱ्हाईक उभ्याने चहा पीत होतं.

मी पत्रिका उचलून बघितली. बराच वेळ काही उमगेना. मग एकेक अक्षर सोडवलं.

“यायुक आणि सुगेंग,” मी म्हटलं. “कोण सुगेंग? बदकवाला?”

“कुठलाही, ताई. नमुना आहे.”

“आणि यायुक कुठलीही?”

त्याचे कान लाल.

“अरे गाढवा, तिचं नाव घातलंस, मग शेजारी स्वतःचं घालायला काय झालं होतं?”

वार्तोने माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर अडाणी पेशंटकडे बघतो. “बेलारोसाचं सगळं सौंदर्य खाली आहे, ताई. ओळीच्या खाली लोंबणारी शेपटी. इंग्रजी वायला शेपटी आहे, जीला आहे. यायुकमध्ये दोन वाय. सुगेंगमध्ये दोन जी. वर यायुक, खाली सुगेंग ठेवलं की हिच्या शेपट्या त्याच्या डोक्यावरून उतरतात, त्याच्या शेपट्या फुलांत जातात. हे बघ. जसा झरा.”

“आणि तुझं?”

त्याने मान खाली घातली. “वार्तोमध्ये एकसुद्धा शेपटी नाही. सगळी अक्षरं ओळीवर बसलेली. अंड्यावर बसलेल्या कोंबड्यांसारखी.”

आता सांगा. मनातल्या पोरीचं नाव दुसऱ्याच्या नावाखाली, वर, शेजारी, कुठेही ठेवताना माणूस दहादा विचार करतो. याने शेपट्या मोजल्या. तारीखसुद्धा त्याने आकड्यांच्या वळणावरून निवडली होती. अठ्ठावीस फार सुंदर येतो म्हणे. ठिकाण, नवरीचं घर. ओळ भरायला काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तेल आणायला मागेलांगला गेले. टपरीवर आमची सिम्बोक, म्हणजे आमची आई, होती. नेमकं त्या दिवशी मशिदीतल्या प्रवचनानंतर घरोघर वाटायला भज्यांची ऑर्डर होती. पुड्या बांधायला कागद संपले. सिम्बोकला वाचता येत नाही. तिला कोपऱ्यात जाड, सुंदर, तेल न पिणाऱ्या कागदाचा गठ्ठा दिसला. तिने प्रत्येक पुडीत खाली एक पत्रिका घातली, वर चार भजी, दोन हिरव्या मिरच्या. संध्याकाळपर्यंत गावात एक घर उरलं नाही.

आमच्याकडे लग्नाचं बोलावणं खाऊबरोबर जातं. दारात पुडकं येतं, आत अन्न आणि पत्रिका. ते पुडकं घेतलं आणि एक घास खाल्ला की तुम्ही बांधले गेलात. जायचं, पाकीट द्यायचं, आधी जाऊन नारळ खोवायचे, खुर्च्या मांडायच्या. अन्न पोटात गेलं, आता सुटका नाही. आणि भजी तर गरम होती. कोण थांबतंय?

पत्रिका कुणालाच धड वाचता आली नाही. पण गावाचे मुहूर्त काढणारे क्रोमो आजोबा म्हणाले, “वाचता येत नाही म्हणजे लग्नाचीच.” त्यांच्या नातवाने नावं सोडवली. आजोबांनी तारीख ऐकली, बोटांवर वार मोजले, जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्याचे दिवस मोजले, आणि डोळे मिटून म्हणाले की असा शुभ दिवस त्यांनी हयातीत बघितला नाही. शिवाय सगळ्या गावाला दार्मोनोकाकांची दया आली. एवढा कारखाना, आणि मुलीच्या लग्नाचं पुडकं म्हणजे चार भजी! बिचाऱ्यांचं काहीतरी बुडालं असणार. विचारायचं नाही हं. वाईट वाटेल त्यांना.

सकाळी मी टपरी उघडते तो समोरून बायका चालल्यात. डोक्यावर नारळ, काखेत तांदूळ, कांदे. सगळ्यात पुढे लास्मीकाकू, स्वतःचा झारा घेऊन.

“कुठे निघाल्या?”

“असं काय विचारतेस? यायुककडे. अठ्ठाविसाला लग्न नाही का?”

“कुणी सांगितलं?”

“तूच नाही का पाठवलंस? चार भज्यांत.” मग आवाज खाली आणून, “मिरच्या मात्र चांगल्या होत्या हो.”

मला सगळं एका दमात कळलं. मी हातातलं कुलूप टाकलं. “काकू, तो नमुना होता! कागद होता नुसता! यायुकच्या आईबापाला विचारलंत का?”

लास्मीकाकूंनी छातीवर हात ठेवला. “असं कसं विचारायचं, बाई!”

मी तशीच धावत टोफूवाल्यांच्या घरी गेले. अंगणात बांबू पडले होते, मांडव चढत होता. दार्मोनोकाकूंनी मला बसवलं, चहा दिला, साखर जास्त घातली. मी म्हटलं, “काकू, स्पष्ट बोलते. हे लग्नाचं बोलावणं नाही. भज्यांच्या पुडीचा कागद होता तो.”

काकूंचे डोळे भरून आले. “रुस्मिनी, किती नम्र गं तू! एवढं सगळं केलंस आणि म्हणतेस, कागद होता. आमच्या घरासाठी तुम्ही तळत बसलात. ह्यांनी तुला सांगितलं असणार पाठवायला. मला बोलले नाहीत. मी विचारलं नाही.”

तेवढ्यात काका बाहेर आले, माझ्यापुढे वाकले आणि हळूच म्हणाले, “हिने बरं ठरवलं सगळं. मला कळवलं नाही, पण मुलीच्या बाबतीत आईला जास्त कळतं. मी काही विचारलं नाही.”

“काका, कुणीही काहीही ठरवलेलं नाही!”

“इंग्गिह, इंग्गिह,” काका हसले. “असंच म्हणायचं असतं.”

ज्या गावात सगळे आडून बोलतात तिथे सरळ बोललेलं कुणाला ऐकूच येत नाही. मी तिथून उठले. रागाने माझे कान गरम झाले होते. परत येऊन वार्तोच्या पाठीत गुद्दा घातला.

“जा आणि सांग!”

“काय सांगू?”

“तुला ती हवीय म्हणून सांग! लग्न होतंय तिचं, तुझ्या शेपट्यांपायी!”

वार्तो पांढराफटक पडला. म्हणाला, जातो. गेला. नेमकी तिथे कामं वाटायची बैठक चालू होती. कुणी खुर्च्या आणायच्या, कुणी चहा, कुणी चपलांवर लक्ष ठेवायचं. वस्तीचे प्रमुख पार्मिनकाका कागद घेऊन बसलेले. वार्तोला बघून त्यांचा चेहरा उजळला. “आलास! नवरानवरीच्या मागे जो नावांचा फलक लागतो तो तू करायचा. तुझ्यासारखा अक्षरवाला असताना आम्ही बाहेरून कशाला आणू? यायुक आणि सुगेंग. मोठ्ठं. करशील ना?”

माझा भाऊ उभा राहिला. सगळं गाव बघत होतं. त्याने तोंड उघडलं.

“इंग्गिह,” म्हणाला.

आणि परत आला. फलक करायला बसला! थर्माकोलचे मोठे तक्ते आणले, तापलेल्या तारेने अक्षरं कापायला घेतली. बेलारोसाच्या बारीक रेघा थर्माकोलमध्ये टिकेनात, पटापट तुटत. मग याने प्रत्येक बारीक रेघ नव्याने थोडी जाड केली, डौल न बिघडवता. दिवस गेले त्यात. एकदा मी जेवायला बोलवायला गेले, तर हा मागे सरकून, एक डोळा मिटून, यायुकचा वाय आणि त्याच्यापुढचा ए यांच्यातली जोडणी बघत होता, आणि चेहऱ्यावर समाधान.

“भाड्या,” मी म्हटलं, “तुला मजा येतेय.”

“ताई, फलकासाठी अक्षर वेगळं करावं लागतं. लांबून वाचायचं असतं.”

“म्हणजे हे तरी वाचता येणार? बरं झालं. कुणाकडे चाललीय तुझी यायुक ते सगळ्यांना कळेल.”

त्याच संध्याकाळी सुगेंग टपरीवर आला. चाळिशी उलटलेला, काळासावळा, अंगाला तळ्याचा वास, मागे बदकांची फौज. ती बदकं बाकाखाली शिरली, एकाने गिऱ्हाइकाच्या चपलेत तोंड घातलं. सुगेंगने खिशातून तेलकट पत्रिका काढली.

“रुस्मिनी, हे खरं का?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. एवढ्या दिवसांत प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस.

“खोटं,” मी म्हटलं. “नमुना होता. तुझं नाव नुसतं दिसायला घातलं.”

“बरं.” त्याने विचार केला. “लोकांनी मला बाटिकचा शर्ट घ्यायला लावला. मला वाटलं, मोठ्यांनी ठरवलं असेल.” पुन्हा विचार केला. “पण मुलगी खरी ना?”

“मुलगी खरी.”

“मग तिलाच विचारतो,” सुगेंग म्हणाला, जिभेने टक् असा आवाज केला, आणि सगळी बदकं रांगेत त्याच्यामागे निघाली.

बाकावर बसलेल्या वार्तोचा चहा हातातच थंड झाला. मला सुगेंग आवडायला लागला होता, याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी पिकअप टपरीपुढे कचकन थांबली. यायुक उतरली. डबा उतरवला नाही. वार्तो म्हणाला, “टोफू...”

“गप,” यायुक म्हणाली. “पत्रिका तू केलीस?”

“इंग्गिह.”

“हो की नाही?”

“हो.”

“घरी मी शंभरदा सांगितलं की मला काही माहीत नाही. आई म्हणते, लाजतेय. बाबा म्हणतात, लाजतेय. परवा मी ताट आपटलं, तर आजी म्हणाली, फारच लाजतेय.” ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “माझं नाव का घातलंस?”

“शेपटीमुळे,” वार्तो म्हणाला.

कढईत सोडायचं भजं माझ्या हातातून जमिनीवर पडलं.

“कशामुळे?”

त्याने समजावलं. अख्खं. वाय, जी, ओळीखाली लोंबणं, झरा, फुलं. आपलं प्रेम सोडून सगळं सांगितलं. यायुक शांतपणे ऐकत होती, आणि ती शांत झाली की मला भीती वाटते.

“म्हणजे सुगेंगदादा माझ्या शेजारी आला तो शेपटी आहे म्हणून. आणि तू नाही आलास, कारण तुला नाही.”

“इं... हो.”

“लिहून दाखव तुझं.”

वार्तोने खिशातलं पेन काढलं आणि पुडीच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, त्याच सुंदर वळणात. यायुकने कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

“खरंच वाईट दिसतं,” ती म्हणाली.

“मी तेच म्हणत होतो.”

“पण मला ते भिंतीला टांगायचं नव्हतं, गाढवा.” तिचा आवाज जरा हलला, मग पुन्हा कडक झाला. “सुगेंगदादाने काल मला भर रस्त्यात थांबवलं. बदकं चाकाखाली जात होती, तरी थांबवलं. म्हणाला, पत्रिका खोटी आहे, पण मी खरा आहे, करतेस का लग्न? आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. बाबा तर जेवलीस का हेसुद्धा आईमार्फत विचारतात. मी म्हटलं, विचार करते. उद्या दुपारी शेवटच्या तयारीला मांडवात सगळे बसणार आहेत. तुला काही बोलायचं असेल तर तिथे बोल, बाबांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नाहीतर मी त्याला हो म्हणणार. तो चांगला माणूस आहे. त्याला प्रश्न विचारता येतो.”

डबा आपटून ती गेली. वार्तो बाकावर बसून राहिला.

“ताई, तू बोल ना माझ्यासाठी.”

“मी बोलले तर मला नम्र म्हणतात,” मी म्हटलं. “आणखी एकदा मला कुणी नम्र म्हटलं तर मी उकळतं तेल फेकीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मागून नारळाच्या दुधाचा वास, पुढे चहाचे पेले. भिंतीवर वार्तोचा फलक लागला होता. खोटं का बोलू, सुंदर होता. यायुकच्या शेपट्या खाली उतरल्या होत्या, सुगेंगच्या त्यांत गुंतल्या होत्या, आणि लोक थांबून थांबून बघत होते. सुगेंग कडक नव्या शर्टात पहिल्या रांगेत बसला होता. यायुक स्वैपाकघराच्या दारात, हात नारळाने पांढरे.

पार्मिनकाकांनी विचारलं, कुणाला काही सुचवायचं आहे का. हे विचारायचं असतं. कुणी काही सुचवत नसतं.

वार्तो उठला.

त्याने देवाचे आभार मानले. मग मशिदीच्या इमामांचे. मग दार्मोनोकाकांचे, काकूंचे, क्रोमो आजोबांचे, पार्मिनकाकांचे. मग मांडववाल्यांचे. मग स्वैपाकघरातल्या ‘ज्ञात आणि अज्ञात’ हातांचे. मग बोलण्यात काही चूक झाली तर आधीच माफी मागितली. लोकांनी सुखाने माना हलवल्या. दोन म्हातारे झोपले. मी बसल्या जागी दात खात होते. माफीनंतर पुन्हा त्याने आभार सुरू केले तेव्हा पहिल्या रांगेतून सुगेंग म्हणाला, “तुला म्हणायचंय काय?”

मांडवात कुणीतरी श्वास आत ओढला.

वार्तो म्हणाला, “पत्रिका नमुना होती. सुगेंगदादाचं नाव मी दिसायला घातलं. यायुकशी मला लग्न करायचंय.”

झालं. बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच पुसलं.

पार्मिनकाका गदगदले. “बघा,” ते लोकांकडे वळून म्हणाले, “याला म्हणतात संस्कार. नवरी किती गुणी आहे हे आडवळणाने कसं सुरेख सांगितलं पोराने. की कुणालाही वाटावं, हिच्याशी मीच लग्न करावं. वा! बस, वार्तो. फार नम्र.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दार्मोनोकाकासुद्धा. स्वैपाकघराच्या दारात यायुकने डोळे मिटले.

माझा भाऊ आयुष्यात कधी मोठ्याने बोलला नाही. लहानपणी विंचू चावला तेव्हासुद्धा ‘माफ करा’ म्हणाला होता. तो वळला. खुर्च्यांमधून, लोकांच्या पायांवरून चालत फलकापाशी गेला. दोन हातांनी त्याने सुगेंगचा पहिला जी धरला आणि ओढला. थर्माकोल तुटताना जो आवाज होतो त्याने दात आंबतात. गावातल्या सगळ्यांचे दात एकदम आंबले. मग दुसरा जी. मग एस. ज्या रेघा टिकाव्यात म्हणून त्याने दिवसचे दिवस घालवले त्या काड्यांसारख्या मोडत होत्या, पांढरे मणी त्याच्या केसांत, मिशीत, पार्मिनकाकांच्या चहात.

“मी नम्र नाही!” तो ओरडला. आवाज चिरकला. “मी नम्र नाहीये! मला ती पाहिजे! मी रोज टोफू आला म्हणतो, मला टोफूशी काही देणंघेणं नाही! मला टोफू आवडतसुद्धा नाही!”

टोफूच्या कारखान्याच्या अंगणात हे बोलला.

हातात तुटकी शेपटी घेऊन वार्तो उभा, छाती वरखाली. आता मात्र तो कुणालाही नम्र वाटेना. सगळे हळूहळू दार्मोनोकाकांकडे वळले.

काकांनी पेल्यातला एक घोट घेतला. मग म्हणाले, “इंग्गिह.”

“बाबा,” दारातून यायुक म्हणाली, “त्याने तुम्हाला नाही विचारलेलं. मला विचारलंय.” आणि ओले हात कमरेच्या फडक्याला पुसत पुढे आली. “हो. करते. सुगेंगदादा, माफ कर. तू विचारलंस म्हणून हे झालं, पण माझं मन याच्यावर आहे. का आहे ते मला विचारू नकोस.”

“मला राग आला आहे,” सुगेंग म्हणाला.

“बरोबर आहे,” यायुक म्हणाली.

“शर्ट टोचतोय.” तो उठला, मानेचं बटण काढलं. “जेवण मात्र करून जाईन.” आणि जेवला. तीनदा भात घेतला. शेजारी बसून मी वाढत होते. एवढी स्वच्छ भूक आणि एवढा स्वच्छ राग मी गावात पहिल्यांदा बघितला.

अठ्ठाविसाचं लग्न तर मोडलंच, पण त्या दिवशी केलेला स्वैपाक संपवायलाच हवा होता. लोक जेवले आणि जाताना एकेक जण माझ्यापाशी थांबून म्हणाला, आम्हाला पहिल्यापासूनच संशय होता हो. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. असं कसं बोलायचं, असं म्हणून सगळे आपापल्या घरी गेले.

मग रीतसर मागणी घालायला आम्ही दार्मोनोकाकांकडे गेलो. मी, सिम्बोक, वार्तो. फळांची टोपली, चिकट भाताच्या वड्या. सगळे पाय दुमडून चटईवर बसलो. हवापाण्याचं झालं, तंबाखूचं झालं, रस्त्याचं झालं. अशा बैठकीत मुद्द्याचं कुणी बोलत नाही, दोन्हीकडचे माना हलवतात आणि घरी जातात. पण काकांनी पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि सरळ वार्तोकडे बघितलं. काकू घाबरल्या. त्यांनी संसारात असं कधी बघितलं नव्हतं.

“ह्या अक्षरांवर पोट भरतं का?” काकांनी विचारलं.

वार्तोचं तोंड उघडलं. ‘इं’ बाहेर येत होता, पण आतल्या दारातून यायुक बघत होती.

“नाही,” तो म्हणाला. “काही महिने भरतं. बाकीचे महिने ताईच्या भज्यांवर.”

सिम्बोकने त्याला मांडीवर चिमटा काढला. काकांनी मान हलवली. एकदा प्रश्न विचारायची चव लागली होती, त्यांनी दुसरा विचारला. “मग पहाटे कारखान्यात सोयाबीन ढवळायला येशील?”

“मला पहाटे जाग येत नाही.”

सिम्बोकने आता दोन्ही हातांनी चिमटे काढले. काकू डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडात धरून बसल्या. दार्मोनोकाका त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. पुढचा एक सोन्याचा आहे.

“दुपारी ये,” ते म्हणाले.